नर्मदाकाठचे नेचे

जबलपूर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भेडाघाट उभा राहतो. दोहों बाजूंस संगमरवराचे उंच कडे, त्यांच्यामधून संथपणे वाहणारी नर्मदा आणि थोड्या अंतरावर धुवांधारचा फेसाळ लोंढा, ही दृश्ये चित्रांतून आणि चित्रपटांतून घरोघर पोहोचली आहेत. मे महिन्यात जबलपुरास जाऊन आलेल्या माणसाच्या स्मरणात मात्र आणखी एक चित्र असते: तापून निघालेले रस्ते, पाने झडून उघडे पडलेले साग आणि दुपारी दारे-खिडक्या लावून निजलेली घरे. अशा गावाचे नाव घेऊन नेच्यांविषयी लिहू लागले, तर वाचकांस ते चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. नेचा म्हणजे ओलावा, सावली, दाट रान आणि थंड हवा, अशीच आपली समजूत असते. परंतु नेच्यांचा खरा काटकपणा पाहावयाचा असेल, तर महाबळेश्वरपेक्षा जबलपुरास जावे असे आमचे मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

मराठी वाचकांस हे गाव परके नाही. १७९८ पासून १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांकडे होते. पुढे इंग्रजी अमदानीत नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली आणि जबलपूर त्याच प्रांतात राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दोन्ही शहरांचा कारभार एकत्रच चालला. १८७० मध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन्ही लोहमार्ग जबलपुरास येऊन मिळाले, तेव्हापासून तर मुंबईच्या माणसालाही गाडीत बसून थेट येथवर येता येऊ लागले. कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. अंगणात तुळस, परसात केळ आणि ओसरीवर कुंड्या मांडण्याची त्यांची हौसही त्यांच्याबरोबर आली.

रोपवाटिकेत आपण ज्याला 'फर्न' म्हणून मागतो, तोच हा नेचा. त्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. पान उलटून पाहिले तर त्याच्या पाठीवर तपकिरी ठिपके किंवा कडेने तपकिरी रेघ दिसते. पुष्कळ लोक ती कीड समजून पान तोडून टाकतात. वस्तुतः त्या ठिपक्यांत धुळीसारखी बारीक बीजुके असतात आणि त्यांच्यापासूनच नेच्याचा वंश चालतो. त्याचे खोड बहुधा जमिनीलगत किंवा जमिनीखाली आडवे पसरते. शास्त्रीय भाषेत त्यास मूलक्षोड म्हणतात. कोवळे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते आणि दिवसादिवसाने उलगडत जाते. ही जात फार प्राचीन आहे. जबलपूरच्या आसपासच्या जुन्या खडकांत नेच्यांच्या पानांचे ठसे आढळले असून, 'जबलपूर' हे नावच त्या खडकांच्या थरास भूशास्त्राने दिले आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन साहेबास १८२८ मध्ये याच गावाजवळ महाकाय सरड्याची हाडे सापडली आणि १८७७ मध्ये लायडेकर या शास्त्रज्ञाने त्या प्राण्यास 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले. हाडांची ही कीर्ती मोठी झाली. पानांच्या ठशांकडे मात्र अभ्यासकांखेरीज फारसे कोणी वळले नाही. ज्यांच्या फक्त खुणा उरल्या त्यांचे कौतुक झाले आणि ज्यांचे भाऊबंद अजून भिंतीच्या फटीत जगत आहेत ते नेचे दुर्लक्षित राहिले, याची गंमत वाटते.

आता काटकपणाविषयी. विलायतेतील बागकामाच्या पुस्तकांत 'काटक' नेच्यांची लांबलचक यादी असते. ती वाचून आपल्याकडील हौशी मंडळी त्या नावांच्या शोधास लागतात. पण तेथील लेखकास जो काटकपणा अभिप्रेत आहे तो बर्फाशी झुंजण्याचा. हिवाळ्यात जमीन गोठली तरी ज्याचे मूलक्षोड मरत नाही आणि वसंतात ज्याला पुन्हा पालवी फुटते, तो त्यांचा काटक नेचा. जबलपुरात बर्फ पडत नाही. जानेवारीतील रात्री पारा नऊ-दहा अंशांवर येतो, क्वचित त्याहून खाली उतरतो, एवढेच. येथील कसोटी निराळी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवरचे हे गाव कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसले आहे. वर्षाकाठी तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो खरा, परंतु त्यातील बहुतेक सर्व जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. उरलेले आठ महिने आकाश जवळजवळ कोरडे. मे महिन्यात दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या वर असते, काही दिवस ते पंचेचाळिसाच्या घरात जाते आणि त्यावर लू वाहते. तेव्हा आपल्याकडील काटक नेचा तोच, जो वैशाखातून जिवंत निघतो. नैनीतालहून किंवा दार्जिलिंगहून हौसेने आणलेले नेच्याचे रोप जबलपुरात पहिल्याच उन्हाळ्यात का जाते, याचे उत्तर येथे आहे. ते दुबळे नसते. त्याला ज्या परीक्षेची तयारी होती ती परीक्षा येथे झालीच नाही.

मग येथले नेचे वैशाखातून निघतात तरी कसे? त्यांच्या तीन तऱ्हा आहेत आणि कुंडीतील नेचा जगावा असे ज्यांना वाटते त्यांनी त्या नीट ओळखून घेतल्या पाहिजेत.

पहिली तऱ्हा अदृश्य होण्याची. हंसपदी हे तिचे उत्तम उदाहरण. काळ्याभोर, चकचकीत, घोड्याच्या केसासारख्या देठावर दोहों बाजूंस अर्धचंद्राकृती पानुल्यांची एकेरी ओळ, असे तिचे पान असते. पानाचे टोक लांबत जाऊन मातीला टेकते, तेथे मुळे धरते आणि नवे रोप उभे राहते. जणू ती पावले टाकीत चालते. श्रावणात ओढ्याच्या दरडीवर तिचे हिरवे पडदे लोंबत असतात. दिवाळी सरली की पाने पिवळी पडू लागतात आणि माघापर्यंत दरड अशी उघडी होते की येथे काही होते हे सांगूनही खरे वाटू नये. मूलक्षोड मात्र मातीत झोपलेले असते.

दुसरी तऱ्हा अंग आवळून बसण्याची. गोंडांच्या काळच्या मदनमहालाभोवती काळ्या-करड्या ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या पडल्या आहेत. त्यांतील एक शिळा तर केवळ टेकल्यासारखी उभी आहे आणि प्रवासी ती पाहावयास मुद्दाम जातात. अशा खडकांच्या फटींत मूठभर मातीवर जगणारे नेचे ते हेच. मयूरशिखा हा त्यांतला सर्वांत देखणा. बोट-दोन बोटे उंचीच्या देठावर ताडाच्या पानासारखा छोटासा पंखा, असे त्याचे रूप. पावसात तो पसरतो, उन्हाळ्यात मिटून तपकिरी होतो आणि दगडाच्याच रंगाचा दिसू लागतो. दुसरा चांदीचा नेचा. सह्याद्रीत वाढलेल्या वाचकांनी त्याचे पान उलटे करून मनगटावर दाबले असेल आणि उमटलेला पांढरा छाप मैत्रिणींना दाखविला असेल. ती पांढरी पूड पानाने आपल्या पाठीवर स्वतःच तयार केलेली असते. पाणी कमी पडले की पान आतल्या बाजूस वळते, ती पांढरी पाठ वर येते आणि ऊन परतविते. आपण उन्हाळ्यात पांढरे कपडे घालतो, त्याहून ही युक्ती फार जुनी आहे.

तिसरी तऱ्हा ओली जागा धरून बसण्याची. तिचा मानकरी हंसराज. त्याचे काळे देठ हंसपदीसारखेच, परंतु ते फाट्याफाट्यांनी वाटले जातात आणि पानुल्या पंख्याच्या आकाराच्या असतात. झिरपणाऱ्या पाण्याची जागा असेल तर तो बारमाही हिरवा राहतो. त्यातही चुनखडीवरचे पाणी त्यास विशेष मानवते. भेडाघाटचा संगमरवर मॅग्नेशियमयुक्त चुनखडीच्या जातीचा आहे, ही गोष्ट बागाइतदाराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चुन्याच्या जुन्या भिंतींत आणि विहिरींच्या आतल्या बाजूस, चिऱ्यांच्या सांध्यांतून जो लांब, फणीसारख्या पानांचा नेचा बाहेर डोकावतो तो टेरिस. तोही चुन्याचा लोभी. फ्लोरिडातील संशोधकांनी २००१ मध्ये असे दाखवून दिले की, टेरिसची एक जात जमिनीतील सोमल आपल्या पानांत मोठ्या प्रमाणात शोषून घेते. तेव्हापासून विषारी जमिनी शुद्ध करण्यासाठी तिचा उपयोग अभ्यासला जात आहे. विहिरीतील उपटून फेकल्या जाणाऱ्या तणाची योग्यता अशी असू शकते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. हंसपदी आणि हंसराज ही नावे व्यवहारात सर्रास एकमेकांसाठी वापरली जातात आणि माळी दोन्ही रोपे एकाच नावाने देतो. त्याच नावाने दक्षिण अमेरिकेतून आलेला, नाजूक पानांचा आणखी एक नेचाही विकला जातो. घरी आणल्यावर सर्वांची निगा सारखीच ठेवली तर एक तरी हटकून मरतो. हंसपदीस कोरडी विश्रांती हवी. हंसराज एकदा पूर्ण सुकला तर बहुधा पुन्हा उठत नाही. म्हणून रोप घेताना नाव विचारू नये, पान पाहावे. एकेरी ओळ आणि टोकाला मुळे असतील तर हंसपदी, फाटे फुटलेले असतील तर हंसराज.

जबलपूरपर्यंत आलेल्या प्रवाशाने पंचमढी पाहिल्यावाचून परतू नये. इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने पिपरियापर्यंत जावे. तेथून सुमारे पन्नास किलोमीटर घाटरस्ता आहे. सातपुड्याच्या पठारावर हजार मीटरांहून अधिक उंचीवर हे गाव आहे आणि जवळचे धूपगड हे १,३५२ मीटर उंचीचे शिखर सातपुड्यातील सर्वोच्च होय. कॅप्टन फॉर्सिथ येथे आला आणि त्याच्या लेखनामुळे हे स्थान बाहेरच्या जगास ठाऊक झाले. पंचमढीचे मर्म तिच्या वालुकाश्मात आहे. हा दगड पावसाचे पाणी पिऊन ठेवतो आणि वर्षभर थेंबथेंब सोडतो. शिवाय त्यात पाण्याने इतक्या खोल आणि अरुंद घळी कोरल्या आहेत की, काहींच्या तळाशी दिवसातून जेमतेम घटकाभर ऊन पोहोचते. वर पठारावर वैशाख तापलेला असतो आणि खाली घळीत आपण गार भिंतीला हात लावून उभे असतो.

या घळींत वृक्षनेचे आहेत. सरळ खोड आणि माथ्यावर छत्रीसारखी पसरलेली, हातभराहून कितीतरी लांब पाने, असा तो दिमाख असतो. पूर्व हिमालयात आणि दक्षिणेच्या डोंगरांत वृक्षनेचे पुष्कळ आहेत. मध्य भारताच्या कोरड्या प्रदेशात मात्र ते अशा मोजक्या घळींच्या आधाराने टिकले आहेत. बेटावर अडकलेल्या माणसासारखी त्यांची स्थिती आहे. घळीवरचे रान तुटले, झिरपणारे पाणी आटले किंवा दहा-पाच पर्यटकांनी रोपे उपटली, तर त्यांना जावयास दुसरी जागा नाही. १९९९ मध्ये पंचमढीचा परिसर जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक यादीत त्याचा समावेश झाला. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून वनस्पती नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि वृक्षनेच्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. परंतु घळीत प्रत्येक वळणावर शिपाई उभा करता येत नाही. ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलेले लहानसे रोप कोणाच्या दृष्टीस पडणार?

अशा लहान लहान रोपांनी काय होते, याचा दाखला विलायतेत मिळतो. १८२९ च्या सुमारास लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोश मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. कोश बाजूला राहिला आणि बाटलीत आपोआप एक नेचा व गवत उगवले. धुराने भरलेल्या लंडनच्या हवेत त्याचे नेचे जगत नव्हते, ते बंद काचेत जगले. यावरून काचपेट्या निघाल्या आणि दिवाणखान्यात नेचे ठेवण्याची फॅशन सुरू झाली. तिचा ज्वर एवढा चढला की, १८५५ मध्ये चार्ल्स किंग्स्ली या लेखकाने या वेडास 'टेरिडोमेनिया' असे नाव दिले. सुशिक्षित स्त्री-पुरुष टोपल्या व खुरपी घेऊन रविवारी डोंगरांत जात, विक्रेते गाडाभर रोपे शहरात आणीत. परिणाम असा झाला की, वुड्सियासारख्या मुळातच विरळ असलेल्या नेच्यांची ठिकाणेच्या ठिकाणे त्या देशात ओस पडली आणि शंभर-दीडशे वर्षांनंतर तेथील शास्त्रज्ञांना ती पुन्हा लावण्याचे प्रयत्न करावे लागले. त्या मंडळींचे नेच्यांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

आपल्याकडे असा ज्वर आलेला नाही. पण मध्य भारतातील तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर 'संजीवनी' म्हणून सुकलेल्या वनस्पतीच्या जुड्या विकावयास मांडलेल्या असतात. ही नेच्यांच्या दूरच्या नात्यातील सेलाजिनेला होय. मुठीसारखी आवळलेली ती जुडी वाडग्यातील पाण्यात टाकली की काही तासांत उलगडून हिरवी होते. मुले टाळ्या पिटतात, वडील पैसे देतात. घरी चार-सहा वेळा हा खेळ होतो आणि मग जुडी कचऱ्यात जाते, कारण मुळे तोडून आणलेले ते रोप मातीत क्वचितच धरते. खडकावर तेच रोप कितीतरी उन्हाळे मिटून आणि कितीतरी पावसाळे उघडून जगले असते. जुडी विकणाऱ्या गरीब बाईस दोष देण्यात अर्थ नाही. तिचे पोट त्यावर आहे. घेणाऱ्याने थोडा विचार करावा, एवढेच.

आता आपल्या अंगणाकडे वळू. जबलपुरासारख्या हवेच्या गावात, म्हणजे विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात आणि पलीकडे माळव्यापर्यंत, नेचे लावावयाचे असतील तर पहिला प्रश्न जागेचा. घराच्या उत्तरेची भिंत सर्वांत उत्तम. तिच्या खालोखाल आंब्याची किंवा जांभळाची सावली. सकाळचे कोवळे ऊन चालेल. पश्चिमेचे ऊन मुळीच नको. भांडी विसळल्याचे साबणाचे पाणी जेथे येते ती जागा ओली असली तरी टाळावी, पण पिण्याच्या पाण्याचा माठ जेथे झिरपतो त्या कोपऱ्यासारखी दुसरी जागा नाही.

माती भुसभुशीत असावी. विदर्भ-माळव्यातील काळी माती नेच्यांस मानवत नाही, कारण पावसात ती चिखल होते आणि उन्हात तडकते. चाळलेले पालापाचोळ्याचे कुजके खत दोन भाग, जाड रेती एक भाग आणि बागेतील हलकी माती एक भाग, असे मिश्रण पुरेसे आहे. त्यात कोळशाचे व विटांचे बारीक तुकडे घालावेत. हंसराज व टेरिस यांच्यासाठी जुन्या पडक्या भिंतीतील चुन्याचे तुकडे मूठभर मिसळावेत. शेणखत घालावयाचे तर पूर्ण मुरलेले आणि अगदी थोडे. रासायनिक खताची घाई करणाऱ्यांची पानांची टोके करपतात आणि मग ते पाणी वाढवतात, म्हणजे उरलेसुरले रोपही जाते.

लागवड पावसाच्या तोंडी करावी. मृगाच्या उत्तरार्धात किंवा आर्द्रा लागता लागता हवा ओलसर होते, तेव्हा. मूलक्षोड मातीत खोल पुरू नये. त्याचा शेंडा मातीच्या पातळीवर उघडा राहिला पाहिजे. जुन्या गड्ड्याचे तुकडे करावयाचे तेही याच वेळी, आणि प्रत्येक तुकड्यास एक तरी वाढता शेंडा असावा. कोकणातील वाचकांच्या परिचयाचे बाशिंग मात्र मातीत लावूच नये. आंब्याच्या बेचक्यात थोडे शेवाळ व नारळाचा काथ्या ठेवून, त्यावर ते सुतळीने बांधून टाकावे. त्याची तपकिरी, पसरट पाने वाळलेली समजून काढणाऱ्यांना विनंती की, ती तशीच असतात. झाडावरून गळणारा पाचोळा त्यांत साठतो आणि तेच त्याचे खत. त्याची लांब हिरवी पाने मात्र कोरड्या दिवसांत झडतात, त्याची काळजी नको.

नवख्या माणसाने आरंभ नेफ्रोलेपिसपासून करावा. माळ्याकडे सहज मिळणारा, लांब पानांच्या झुबक्यांचा हाच तो नेचा. तो बारीक धावत्या फांद्यांनी पसरतो, थोडी हयगय सोसतो आणि वर्षभर हिरवा राहतो. तो जमला म्हणजे हंसराज घ्यावा, आणि मग इतर.

उन्हाळ्यातील निगा हीच खरी कसोटी. फाल्गुन सरला की बारमाही हिरव्या नेच्यांच्या कुंड्या एकत्र, एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. एकमेकींच्या ओलाव्याने त्यांच्याभोवतीची हवा सौम्य राहते. वाळूने भरलेल्या पसरट परातीत पाणी घालून तीवर कुंड्या ठेवल्यास अधिक चांगले, परंतु कुंडीचे बूड पाण्यात बुडता कामा नये. लू ज्या दिशेने येते तिकडे वाळ्याची ताटी किंवा ओले गोणपाट टांगावे. जमिनीत नेचे असतील तर त्यांच्यामध्ये एखादे कच्च्या मातीचे, पाझरणारे मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरून ठेवावे. पाणी पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावे, भर दुपारी नव्हे. वाळलेली पाने नवी पालवी फुटेपर्यंत कापू नयेत. त्यांच्या सावलीत शेंडा जपला जातो.

हंसपदी, मयूरशिखा आणि चांदीचा नेचा यांची गोष्ट याच्या नेमकी उलट. त्यांची पाने सुकू लागली की पाणी कमी करीत न्यावे आणि शेवटी कुंडी एखाद्या सावलीच्या, कोरड्या जागी आडवी करून ठेवावी. पंधरा दिवसांतून एकदा शिंपडा पुरे. येथेच आपल्या घरांतून सर्वाधिक नेचे मरतात. पाने गेली हे पाहून कोणी रोज तांब्याभर पाणी ओततो आणि झोपलेले मूलक्षोड कुजून जाते. कोणी 'हे गेले' म्हणून कुंडी रिकामी करून तीत झेंडू लावतो. घरात कुंड्यांची साफसफाई करणारा दुसरा कोणी असेल तर त्यास आधीच सांगून ठेवावे, नाही तर कुंडीवर खडूने नाव लिहावे. पहिला दमदार पाऊस पडला की कुंडी उभी करून उघड्यावर ठेवावी. काही दिवसांत मातीतून लहान लहान गुंडाळलेली बोटे वर येताना दिसतील.

पावसाळ्यात गोगलगाई येतात. त्या रात्री कंदिलाने किंवा विजेरीने शोधून वेचाव्यात; औषधे मारू नयेत, कारण कोवळी नेचापाने ती सोसत नाहीत. खवले कीड पानाच्या शिरेवर बसते आणि पुष्कळदा ती बीजुकांचे ठिपके समजून सोडून दिली जाते. ओळखण्याची खूण अशी की, ठिपके नियमित रांगेत असतात आणि कीड अस्ताव्यस्त. ती ओल्या फडक्याने पुसून काढावी.

राहता राहिला नवी रोपे मिळविण्याचा प्रश्न. घळीतून रोप आणण्याची आवश्यकता नाही, कारण मित्राच्या कुंडीतले एक पान पुरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानामागचे ठिपके तपकिरी झाले म्हणजे ते पान पांढऱ्या कागदाच्या पुडीत घालून दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवावे. कागदावर तपकिरी भुकटी पडते. कागद किंचित तिरपा करून टिचकी मारली की कोंडा आधी घसरून जातो आणि मागे राहतात ती बीजुके. एक नवी लाल वीट घेऊन तिच्यावर उकळते पाणी चांगले ओतावे, म्हणजे बुरशी व इतर बीजे मरतात. वीट निवाल्यावर ती उकळून गार केलेल्या पाण्याच्या थाळीत ठेवावी, वरच्या बाजूवर बीजुके अगदी विरळ भुरभुरावीत आणि काचेच्या बरणीने झाकून ऊन न येणाऱ्या उजेडाच्या खिडकीत ठेवावे. थाळीतील पाणी आटू देऊ नये.

काही आठवड्यांत विटेवर हिरवी झाक दिसते. पुढे तिच्यातून नखाहून लहान, हृदयाच्या आकाराच्या पापड्या तयार होतात. हा नेचा नव्हे, नेच्याच्या जीवनातील एक स्वतंत्र पायरी आहे. नर-मादी पेशींचा संयोग या पापडीवर होतो आणि त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणून या काळात आठवड्यातून एकदा उकळून गार केलेले पाणी हलकेच शिंपडावे. मुलांना शाळेत हे आकृतीने शिकवितात. विटेवर ते भिंगाने दिसते. त्यानंतर पापडीतून पहिले खरे पान निघते. तीन-चार पाने झाली की रोप टोचणीने उचलून वाटीएवढ्या कुंडीत लावावे आणि आणखी पंधरवडाभर काचेखाली ठेवून मग काच दिवसागणिक थोडी थोडी उघडावी. शरद ऋतूत पेरलेली वीट पुढल्या पावसापर्यंत अशी बरीच रोपे देते. त्यांतील पाच-सहा आपल्या ओसरीस पुरतात. बाकीची शेजारी-पाजारी वाटताना कोणते रोप उन्हाळ्यात कोरडे ठेवावयाचे आणि कोणते ओले, ते चिठ्ठीवर लिहून द्यावे.